१३३ वी टँक रेजिमेंट (लित्तोरिओ): जिचा सगळ्यात गाजलेला दिवस दुसऱ्याच्या नावावर आहे

सुरवंटचाक

एल अलामेनवर (इजिप्तच्या वाळवंटातली १९४२ ची लढाई) मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात जर्मन सेनापती रोमेल असतो, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी असतो, आणि इटालियन सैन्य म्हटलं की "ते काय, पांढरं निशाण" एवढ्यावर विषय संपतो. मला हे फार वर्षांपासून खटकतंय. म्हणून आज एका अशा रेजिमेंटबद्दल लिहितोय जी आता अस्तित्वात नाही, इटलीच्या सक्रिय यादीत तिचा नंबर नाही. १३३ वी टँक रेजिमेंट, लित्तोरिओ आर्मर्ड (म्हणजे टँकांची) डिव्हिजन.

थोडी पार्श्वभूमी. इटलीत टँकवाले लोक हे घोडदळातून आलेले नव्हते, ते पायदळाचीच एक शाखा. १ ऑक्टोबर १९२७ ला पहिली टँक रेजिमेंट उभी राहिली, १९३६ मध्ये तिच्यातून चार झाल्या, आणि यातल्या जवानांना म्हणायचे कार्रिस्ती. कॉलरवर निळ्या पट्टीवर लाल ज्वाळा, बोधवाक्य "फेर्रेआ मोले, फेर्रेओ कुओरे", म्हणजे देह लोखंडाचा, काळीज लोखंडाचं. (पायदळाची ही नाळ थेट १९९९ मध्ये तुटली, तेव्हा त्यांना घोडदळात घेतलं.)

लित्तोरिओ हे नाव आधी स्पेनच्या यादवी युद्धातल्या एका पायदळ डिव्हिजनचं होतं, ग्वादालाहाराला १९३७ मध्ये लढलेली. १९३९ मध्ये तिची आर्मर्ड डिव्हिजन केली, १९४० ला फ्रान्सच्या सीमेवर, १९४१ च्या एप्रिलमध्ये युगोस्लाव्हियात गेली, तेव्हा तिच्यात ३३ वी टँक रेजिमेंट होती आणि बरेचसे टँक म्हणजे दोन माणसं आणि मशीनगन असलेले छोटे एल-३. आफ्रिकेला जायचं ठरलं तेव्हा १९४१ च्या शेवटी नवीन रेजिमेंट उभी केली, तीच ही १३३ वी.

आणि इथूनच नशीब फिरलं. १९४२ च्या सुरुवातीला ही डिव्हिजन तुकड्यातुकड्यांनी भूमध्य समुद्र ओलांडत होती, माल्टावरून ब्रिटिश पाणबुड्या आणि विमानं जहाजं बुडवत होती, जे काही त्रिपोलीला धड पोचत होतं ते आधीच्या लढाईत मार खाल्लेल्या आरिएते आणि त्रिएस्ते डिव्हिजनांना भरती म्हणून देऊन टाकलं जात होतं. म्हणजे एका रेजिमेंटने जमवलेल्या टँक बटालियनी दुसऱ्याच्या नावाने लढायला गेल्या आणि लित्तोरिओ स्वतः मे महिन्यात लिबियात गझालाची लढाई सुरू झाली तेव्हा अजून पूर्ण तयार पण नव्हती. ती आघाडीवर आली जूनच्या शेवटी, लिबियातलं तोब्रुक बंदर पडताना आणि इजिप्तमध्ये घुसताना, आणि जुलैच्या पहिल्या दिवसांत अलामेनसमोर तिच्याकडे चालते टँक मोजके उरले होते.

उन्हाळ्यात भरपाई झाली. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री ब्रिटिश तोफखाना सुरू झाला तेव्हा लित्तोरिओ उत्तरेकडे जर्मन १५ व्या पँझर डिव्हिजनबरोबर मिसळून उभी होती, शंभरच्या वर एम-१३ आणि एम-१४ टँक, बटालियन चौथी, बारावी आणि एक्कावन्नावी. डिव्हिजनचा प्रमुख जनरल जेर्वाझिओ बितोस्सी. समोर ब्रिटिशांचे हजारावर टँक, त्यात नवे अमेरिकन शर्मन अडीचशेच्या आसपास. इटालियन ४७ मिमी तोफेचा गोळा शर्मनच्या पुढच्या पत्र्यावर लांबून काहीच करू शकत नव्हता, शर्मन मात्र ७५ मिमी तोफेने त्यांना आरामात लांबूनच टिपत होता. हे माहीत असताना ही पोरं रोज प्रतिहल्ल्याला पुढे गेली. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

२ नोव्हेंबरला माँटगोमेरीने शेवटचा घाव घातला, तेल एल अक्काकीरच्या आसपास, तिथे दिवसभर टँकांची मोठी लढाई झाली आणि त्यात लित्तोरिओचे उरलेसुरले टँक संपले. १९४२ संपायच्या आत रेजिमेंट कागदावरूनही गेली.

२७ ऑक्टोबरबद्दल वेगळं लिहितो खाली, ते या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

निशिगंध_नाशिक

वाचतेय. पुढच्या भागाची वाट बघतेय. "देह लोखंडाचा" लिहिलंय पण मी वाचलं होतं की त्यांचे टँक एकदम तकलादू होते, पत्र्याचे डबे वगैरे. खरंय का?

जुना_मेकॅनिक

निशिगंध ताई, मी तीस वर्षं डिझेल इंजिनांवर काम केलंय म्हणून उत्तर देतो. टँक वाईट नव्हता, उशिरा आलेला आणि एका जागी अडकलेला होता. एम-१३/४० जेनोव्हाच्या अन्साल्दो कारखान्यात बनायचा, साधारण १४ टन, चार माणसं. १९४० च्या शेवटी आला तेव्हा तोफ बरी होती, त्या काळच्या ब्रिटिश टँकांशी बरोबरीची, वर तिच्यातून फुटणारा गोळा पण मारता यायचा जो ब्रिटिशांच्या दोन पौंडी तोफेकडे व्यवहारात नव्हताच. इंजिन व्ही-८ डिझेल, १२५ हॉर्सपॉवर. डिझेल म्हणजे पेट्रोलसारखा भडका नाही, हे टँकवाल्याला किती मोठं आहे ते सांगायला नको. एम-१४/४१ मध्ये १४५ हॉर्सपॉवर आणि वाळूसाठी सुधारलेले एअर फिल्टर.

रडगाणं दोन गोष्टींचं. एक, चिलखत वेल्डिंगचं नव्हतं, प्लेटा बोल्ट मारून सांगाड्याला जोडलेल्या. गोळा आरपार नाही गेला तरी आघाताने बोल्टाचं डोकं तुटून आत गोळीसारखं उडायचं. म्हणजे चिलखत टिकलं पण आतला माणूस गेला. इटालियन पोलादाला निकल वगैरे मिश्रधातू कमी मिळायचे म्हणून प्लेट ठिसूळ, मार बसला की तडकायची. म्हणून फोटोंत बघा, बऱ्याच टँकांवर पुढे वाळूच्या गोण्या आणि जुन्या साखळीच्या कड्या बांधलेल्या दिसतील.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. टरेटमध्ये (तोफेचा वरचा फिरता मनोरा) दोनच माणसं. एक गोळा भरणारा, दुसरा कमांडर, आणि नेम धरून तोफ उडवणारा पण तोच कमांडर. म्हणजे बाहेर बघायचं, ड्रायव्हरला दिशा सांगायची, शत्रू शोधायचा, नेम धरायचा, पलटणीचा प्रमुख असेल तर बाकीच्या टँकांवर लक्ष ठेवायचं, एकाच माणसाने, धुराने भरलेल्या डब्यात, वाळवंटातल्या दुपारी. सुरुवातीच्या टँकांत रेडिओ पण नव्हते, निशाणं दाखवून हुकूम द्यायचे. अलामेनपर्यंत रेडिओ आले होते पण टरेटमध्ये तिसरा माणूस काही आला नाही.

कऱ्हाडकर

धागा छान आहे पण थोडं स्पष्ट बोलतो. १९४०-४१ च्या हिवाळ्यात ब्रिटिशांच्या छोट्याशा फौजेने इटलीची आख्खी दहावी आर्मी गुंडाळली, १,३०,००० कैदी. लिबियात बेदा फोम्मला एम-१३ टँक शंभरच्या आसपास होते तरी शरणागती. पांढऱ्या निशाणाची गोष्ट कोणी हवेतून काढलेली नाही. आणि दुसरं, लित्तोरिओ म्हणजे काय तर मुसोलिनीच्या पक्षाचं चिन्ह असलेलं नाव. लिबियात यांनी काय केलं? सायरेनायकातली (पूर्व लिबिया) लोकं छावण्यांत कोंडून मारली, ओमर मुख्तारला १९३१ मध्ये फाशी दिलं. अशा राजवटीच्या रणगाड्यांसाठी गळा काढावा का?

सुरवंटचाक

कऱ्हाडकर, दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हीला उत्तर देतो.

बेदा फोम्म, फेब्रुवारी १९४१. तिथले बरेच टँक कारखान्यातून निघून थेट बंदरात, बंदरातून थेट रणात आलेले, पोरांना त्यावर बसून धड महिना पण झालेला नव्हता. रेडिओ नाहीत. रस्ता अडवून ब्रिटिश टँक टेकाडाआड थांबलेले, आणि इटालियन टँक मागच्या ताफ्यातून जसे येतील तसे चारपाचच्या घोळक्याने पुढे येत गेले, मरत गेले. पळाले असते तर तसे जळून ओळीने उभे राहिले नसते. कैदी लाखावर झाले कारण पायदळाला गाड्याच नव्हत्या, वाळवंटात पायी सैन्य म्हणजे मागचा रस्ता तुटला की पाणी संपेपर्यंतचाच प्रश्न. हे ज्यांनी पाठवलं त्यांचं पाप आहे.

आता दुसरा मुद्दा. लिबियात जे झालं ते भयंकरच आहे आणि एल अलामेनच्या शौर्याने ते पुसलं जात नाही. मी त्या राजवटीचं समर्थन एका अक्षरानेही करणार नाही. पण १९४२ मध्ये एम-१४ मध्ये बसलेला वीस वर्षांचा पोरगा, त्याचा जन्मच मुसोलिनी सत्तेवर आला त्या सालातला. त्याच्या धैर्याची नोंद आणि त्याच्या सरकारच्या गुन्ह्याची नोंद, दोन्ही ठेवता येतात.

आणि तुम्ही नावाचा विषय काढलात ते बरं झालं कारण १३३ वी विसरली जाण्याचं निम्मं कारण त्यातच आहे. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनी पडला, त्याच महिन्यात "लित्तोरिओ" नावाच्या युद्धनौकेचं नाव बदलून "इतालिया" केलं. हे नाव घेऊन प्रजासत्ताकात कोणी पुन्हा डिव्हिजन उभी करणं शक्यच नव्हतं. आरिएते म्हणजे नुसता किल्ल्याचा दरवाजा फोडायचा मेंढ्याच्या तोंडाचा ओंडका, चेंतावरो म्हणजे पुराणातला अर्धा घोडा अर्धा माणूस, ही नावं निरुपद्रवी होती. १९४८ मध्ये आरिएते परत उभी राहिली, नंतर चेंतावरो पण आली. आरिएतेची १३२ वी रेजिमेंट आज कोर्देनोन्सला आहे, टँकसकट. तिची सख्खी बहीण १३३ वी, त्याच वाळूत, त्याच आठवड्यात मेलेली, तिला आज घर नाही.

दुसरं निम्मं कारण असं की आरिएतेने जाताना निरोप पाठवला. ४ नोव्हेंबरच्या दुपारी तिचा शेवटचा रेडिओ संदेश आला: शत्रूचे टँक आरिएतेच्या दक्षिणेला घुसले, आरिएते वेढली गेली आहे, बीर एल अब्दच्या वायव्येला सुमारे पाच किलोमीटरवर आहोत, आरिएतेचे टँक लढत आहेत. रोमेलने पण लिहून ठेवलंय की आमचे सगळ्यात जुने इटालियन सोबती गेले, त्यांच्याकडून आम्ही त्यांच्या हत्यारांच्या मानाने नेहमीच जास्त मागितलं. हा संदेश इटलीत टँकवाल्या प्रत्येकाला पाठ असतो. लित्तोरिओ दोन दिवस आधी संपली, तुकड्यातुकड्यांत, अर्धी जर्मन हुकुमाखाली, तिचा असा एक निरोप नाही.

मुळामुठा

+१. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. २७ ऑक्टोबरचं लिहा ना आता.

सुरवंटचाक

लिहितो.

२६ च्या रात्री ब्रिटिश रायफल ब्रिगेडची दुसरी बटालियन अंधारात पुढे घुसली आणि एका उथळ खोलगट जागी जाऊन बसली. सांकेतिक नाव "स्नाइप". एकोणीसेक सहा पौंडी टँकविरोधी तोफा, वाळूत अर्ध्या गाडलेल्या. सकाळी कळलं की आपण जर्मन आणि इटालियन टँकांच्या तळांच्या मधोमध आहोत. दिवसभर ती जागा सगळीकडून हल्ले झेलत राहिली.

दुपारी एकच्या सुमाराला नैऋत्येकडून लित्तोरिओचे टँक आले. बारावी बटालियन, आठनऊ एम टँक. ब्रिटिशांनी लिहिलेली हकीकत अशी आहे की त्या बाजूला तोंड असलेली एकच तोफ कामाची उरली होती. तिच्यावर सार्जंट कॅलिस्तान. बटालियनचा प्रमुख कर्नल व्हिक्टर टर्नर स्वतः गोळे भरायला बसला, तिसरा लेफ्टनंट टॉम्स. टँक जवळ येऊ दिले आणि मग एकामागून एक पाचसहा पेटवले. उरलेले तीन टँक तरीही येतच राहिले, मशीनगन मारत, आणि तोफेजवळ गोळे उरले दोनतीन. टॉम्स धावत जाऊन जीपमधून गोळे घेऊन आला, जीपला गोळ्या लागून आग लागली, पेटी ओढून आणली, टर्नरच्या डोक्यात किरच घुसली, आणि दोनशे यार्डांच्या आत आलेले ते तिन्ही टँक कॅलिस्तानने तीन गोळ्यांत संपवले. नंतर जळत्या जीपवर त्याने चहाचं पाणी उकळलं असं सांगतात. टर्नरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि मिळायलाच हवा होता, त्या माणसांबद्दल मला पूर्ण आदर आहे.

पण आता तीच गोष्ट त्या तीन टँकांतून बघा. शेजारचे सहा जळतायत. जुना_मेकॅनिक यांनी सांगितलं तसा कमांडर एका डोळ्याने दुर्बिणीत, जमिनीच्या पातळीवर लपलेली तोफ त्याला दिसत पण नाहीये, फक्त चमक दिसते आणि बाजूचा टँक थांबतो. ३० मिमीचं पुढचं चिलखत, सहा पौंडी गोळ्याला ते दोनशे काय हजार यार्डांवरूनही पुरत नाही. मागे वळायला जागा आहे, वळले तर कोणी नावं ठेवणार नाही. बारा जण आहेत त्या तीन टँकांत. आणि ते तसेच सरळ येतायत.

पुढे ब्रिटिशांनीच समिती नेमून ते मैदान तपासलं, जर्मन आणि इटालियन मिळून तिसाहून जास्त टँक नक्की धरले. स्नाइपवर इंग्रजीत पानंच्या पानं आहेत. त्या पानांत १३३ वी रेजिमेंट आहे पण निशाणा म्हणून. तिचा सगळ्यात जास्त लिहिला गेलेला तास हा दुसऱ्याच्या पदकाच्या गोष्टीत आहे, आणि त्या तासात ती मागे फिरली नाही हे ब्रिटिशांची हकीकतच सांगते. याहून भरवशाचा साक्षीदार कुठून आणायचा?

जुना_मेकॅनिक

दंडवत. त्या हल्ल्यांत सेमोव्हेंते पण होत्या ना? त्याच सांगाड्यावर टरेट काढून ७५ मिमी तोफ बसवलेली गाडी. इटालियनांकडची सगळ्यात चांगली चीज तीच होती, फक्त संख्या फार कमी.

सुरवंटचाक

हो, होत्या. बुटकी, लपायला सोपी, आणि गोळा वजनदार. तिच्यावर तोफखान्याचे लोक असायचे, कार्रिस्ती नव्हे.

साताऱ्याचा_नातू

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते म्हणून हा विषय घरातला आहे. धाग्यात भारतीय बाजू पण यायला हवी कारण या टँकांच्या समोर आपली माणसं होती. २० जून १९४२ ला तोब्रुक पडलं ते ज्या आग्नेय कोपऱ्यातून फुटलं तिथे ११ वी भारतीय ब्रिगेड होती आणि पहिला घाव बसला तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर. सकाळी जर्मन स्टुका बाँबफेकी विमानांचे थवेच्या थवे, मग जर्मन टँक. त्याच ब्रिगेडच्या समोर आरिएते पण चालून आली होती, तिला खंदकापाशी कॅमेरन हायलँडर्सनी (स्कॉटिश पलटण) अडवून धरलं. या मराठ्यांनी वर्षभर आधी हल्फाया खिंडीत पण रक्त सांडलं होतं. बटालियनचे बहुतेक जण कैदी झाले आणि त्यांच्याबद्दल पण लोक "तोब्रुकला शरण गेले" एवढंच बोलतात. त्यामुळे सुरवंटचाक यांचं दुखणं मला चांगलंच कळतं.

सुरवंटचाक

फार मोलाचा प्रतिसाद, मनापासून आभार. पणजोबांना नमस्कार.

यात अजून एक दिवस जोडतो, २७ मे १९४२, पॉइंट १७१, लिबियात फ्रेंचांनी धरलेल्या बीर हकीमच्या ठाण्याच्या आग्नेयेला. गझालाच्या लढाईची पहिलीच सकाळ. तिथे तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड नुकतीच येऊन बसली होती, सुरुंग पेरलेले नाहीत, तोफा कमी, आणि समोर आरिएतेची १३२ वी रेजिमेंट अख्खी. तासाभरात जागा गेली. पण सेकंड फील्ड रेजिमेंटच्या भारतीय तोफखान्याने जवळून मारा करून वीसेक टँक मोडले असं इटालियनही मान्य करतात. त्या तोफांवर मेजर कुमारमंगलम होते, डीएसओ हे शौर्यपदक मिळालं, पकडले गेले, आणि हेच पुढे १९६६ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. तिथेच १८ व्या कॅव्हलरीबरोबर सत्तरीचा एक निवृत्त ब्रिटिश अ‍ॅडमिरल होता, वॉल्टर कोवन, तो पिस्तूल घेऊन इटालियन टँकवाल्यांशी लढला आणि कैद झाला.

आरिएते तिथून थेट बीर हकीमवर गेली, फ्रेंचांच्या सुरुंगांत घुसली आणि तीसच्या वर टँक गमावले. नवव्या बटालियनचा प्रमुख प्रेस्तिसिमोने एक टँक मोडला की दुसऱ्यात असं करत आत घुसला आणि शेवटी पकडला गेला. सकाळी जिंकलेले दुपार व्हायच्या आत हरले, असं ते वाळवंट होतं.

निशिगंध_नाशिक

कोणी तिथे जाऊन आलंय का प्रत्यक्ष?

तांबडा_समुद्र

मी. अलेक्झांड्रियात नोकरीला होतो तेव्हा, पश्चिमेला किनाऱ्याने दीडेक तास. इटालियन स्मारक म्हणजे एक पांढरा अष्टकोनी मनोरा, आत भिंतीभर संगमरवरी कप्पे, ४,८०० च्या आसपास सैनिकांचे अवशेष. किती तरी कप्प्यांवर नावच नाही, "इन्योतो" म्हणजे अज्ञात एवढंच कोरलंय. ते बांधलं पाओलो काच्चा दोमिनिओनी या माणसाने, अलामेनला सॅपर (सुरुंग आणि अडथळे हाताळणाऱ्या) बटालियनचा प्रमुख होता, युद्धानंतर वर्षानुवर्षं सुरुंगांनी भरलेल्या त्या वाळवंटात फिरून प्रेतं शोधली, स्वतःच्याच नाही तर दोन्ही बाजूंची. रस्त्यावर १११ किलोमीटरच्या जवळ तो प्रसिद्ध दगड पण आहे, बेर्साल्येरींचा (इटलीचं चपळ पायदळ): नशीब कमी पडलं, शौर्य नाही.

कॉमनवेल्थ दफनभूमीत जाल तेव्हा दहनस्मारक नक्की बघा, हिंदू आणि शीख जवान ज्यांचं दहन झालं अशा ६०० वर जणांची नावं आहेत. बऱ्याच भारतीय पर्यटकांना कोणी सांगतच नाही, तसेच निघून जातात.

कऱ्हाडकर

सुरवंटचाक, स्नाइपवाला प्रतिसाद वाचून माझं मत बरंच हललं, राजवटीबद्दलचं नाही, माणसांबद्दलचं. शेवटचा एक प्रश्न. एवढ्या रेजिमेंट बंद का पडल्या? शीतयुद्धात तर इटलीकडे ढिगाने टँक होते.

सुरवंटचाक

कऱ्हाडकर, मन मोकळं ठेवून वाचलंत, आभार.

हो, ढिगाने होते. ईशान्येला युगोस्लाव्हियाच्या सीमेवर, गोरित्सियाच्या सपाटीतून वॉर्सा करारवाले येणार या हिशोबाने सगळं रचलेलं. दोन हजारांहून जास्त अमेरिकन एम-४७, मग ९०० च्या वर लेपर्ड-१. १९७५ ला मोठी फेररचना झाली, रेजिमेंट हा थरच काढून टाकला आणि सुट्या बटालियनी केल्या, प्रत्येकीला सुवर्णपदक मिळालेल्या एका कार्रिस्ताचं नाव. उदाहरणार्थ तेरावी "पास्कुच्ची", अलामेनला ४ नोव्हेंबरला पडलेल्या लुईजी पास्कुच्चीवरून. ही पद्धत मला मनापासून आवडते. मग बर्लिनची भिंत पडली, सीमेवरचा धोका गेला, सक्तीची भरती २००५ मध्ये थांबली, आणि नवा आरिएते टँक आला तो फक्त २००. त्यातून तीनच टँक रेजिमेंट उरल्या: चौथी, ३२ वी आणि १३२ वी.

आता इटली परत टँकांकडे वळतेय, २०२४ मध्ये लेओनार्दो आणि जर्मनीच्या राइनमेटालने मिळून कंपनी काढली, जुने आरिएते बदलायला नवे टँक येणार आहेत. टँक वाढले तर रेजिमेंट वाढतील, आणि रेजिमेंट वाढल्या तर कुणाला तरी जुना नंबर बाहेर काढावा लागेल. लित्तोरिओ नाव परत येऊ नये, ते गेलं ते योग्यच झालं. पण १३३ हा नुसता आकडा आहे, त्याला कुठल्या पक्षाचं चिन्ह चिकटलेलं नाही. मला विचाराल तर पहिली नवी रेजिमेंट याच नंबराची व्हावी.